अक्का, तुझे शब्द शाबूत राहिले

अक्का, लोक भेटायला येतात आणि मी रडत नाही म्हणून त्यांची पंचाईत होते. सांत्वनाची वाक्यं ते घरूनच ठरवून आणतात, पण माझा चेहरा बघितला की ती तोंडातच अडकतात. मग कुणी पाणी मागतं, कुणी पंख्याकडे बघत बसतं. काल तुझ्या दुकानातल्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या होत्या. माझा हात धरून कन्नडात म्हणाल्या, "रडून घे गं, आत साठवून ठेवू नये." मी मान हलवली. त्या गेल्यावर श्रीकांतनं विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "ठीक आहे. तेच तर कुणाला सांगता येत नाही."

तुला मात्र सांगता येईल. मला सुटल्यासारखं वाटतंय, अक्का. तू नाहीस याचं दुःख आहेच. सकाळी फोन वाजला की तूच असशील म्हणून हात आधी पुढे जातो आणि मग आठवतं. पण त्या दुःखाच्या खाली कितीतरी वर्षांनी माझे खांदे सैल पडलेत. बहीण गेल्यावर असं वाटणं बरं की वाईट, याचा विचार मी करून बघितला आणि सोडून दिला. हे कळलं तर तुलाच कळेल, कारण जी भीती माझ्या पोटात होती ती आधी तुझ्या पोटात होती.

आपल्या घरात शब्दांची कधी कुणी काळजी केली नव्हती. लष्कर मोहल्ल्यातलं ते घर, पुढच्या खोलीत अप्पांचं शिलाईचं दुकान, मागे आपण. आजोबा-पणजोबांपासून म्हैसुरात असलेली, विठ्ठलाला मानणारी शिंप्यांची घरं, तसंच आपलंही. मराठी बोलायची ती घरात, आणि तीही कन्नड कालवून. "अय्यो, सारू सांडलं बघ," असं म्हणताना आपण दोन भाषा बोलतोय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. शाळा कन्नडची. देवनागरी अक्षरं ओळखीची झाली ती हिंदीच्या तासाला. मराठीचं पुस्तक म्हणून घरात भजनांची एक वही तेवढी होती, आणि ती वाचायची नसते, म्हणायची असते, असंच आपण समजत होतो.

मग माझं लग्न झालं. श्रीकांत पुण्याचा, इथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आलेला, जयलक्ष्मीपुरमला भाड्यानं राहायचा. पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला आला तेव्हा तुझं बोलणं ऐकून म्हणाला, "तुमची मराठी फार गोड आहे, अक्का." बिचारा मनापासून म्हणाला होता. तू हसलीस, त्याला आग्रह करून वाढलंस, आणि तो गेल्यावर भांडी घासता घासता मला म्हणालीस, "गोड म्हणजे काय गं? लहान पोरं बोबडं बोलली की त्यास्नी गोड म्हणतात." तो राग कितीतरी दिवस तुझ्या मनात होता. पण पुढच्या खेपेला त्यानं कादंबरी आणली ती तू परत दिली नाहीस. मशीनमागच्या फळीवर, रिळांच्या डब्याशेजारी ठेवून दिलीस. ती तिथं तशीच पडून राहिली, आई आजारी पडेपर्यंत.

आईचं ते विसरणं आपल्याला कळलंच उशिरा. आधी ती मीठ दोनदा घालायला लागली, मग गल्लीचं वळण चुकली. अप्पा त्याआधीच गेले होते, माझा संसार कुवेंपुनगरात, विमा कचेरीतली नोकरी. आईजवळ होतीस ती तू. तुझं लग्न मोडल्यावर तू त्या घरी परत आली होतीस आणि अप्पांच्या खुर्चीवर बसून ब्लाउज शिवत होतीस. मी संध्याकाळी येऊन जायचे, रविवारी दिवसभर असायचे. बाकीचं सगळं तुझ्याकडं.

मग एक दिवस आई मशीनच्या आवाजाला घाबरायला लागली. जन्म गेला होता तिचा त्या आवाजात! तू पायडल मारलंस की ती कानांवर हात ठेवून ओरडायची. म्हणून तू तिची खाट दुकानातच आणलीस, दुपारी मशीन बंद ठेवायला लागलीस, आणि हुक लावणं, हातशिलाई असली बिनआवाजाची कामं तिच्याशेजारी बसून करायला लागलीस. ती संपली की हात रिकामे. त्या रिकाम्या हातांनी तू फळीवरची कादंबरी काढलीस. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचीस. एका पानाला दुपार जायची.

त्याच दिवसांत आईची कन्नड गेली. निपाणीकडून लहानपणी लग्न होऊन ती इथं आली होती. कन्नड ती नंतर शिकली, गिऱ्हाइकांशी बोलून. जे नंतर आलं होतं तेच आधी गेलं. शेजारची जयम्मा तिच्याशी बोलायला यायची तेव्हा आई तिच्याकडे बघत राहायची आणि विचारायची, "ही कोण? काय म्हणती?" उरली ती तिच्या माहेरची मराठी, आणि त्या मराठीतले अर्धे शब्द आपल्या दोघींना ठाऊक नव्हते.

ती एकच काहीतरी मागायची, आठवतं? "वाकळ दे, वाकळ." आपल्याला ऐकू यायचं वाकडं. "काय वाकडं झालं, आई?" म्हणून तू तिची उशी सरळ करायचीस, मी खाटेखालच्या विटा नीट लावायचे. एकदा आपण दोघींनी मिळून अख्खी खाट भिंतीला समांतर फिरवली. ती आणखी चिडायची. अंग आखडून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, या आजारात असं होतं, काहीबाही बोलतात.

आणि मग तुझा तो फोन. मी कचेरीत होते, समोर माणसं बसलेली.

"पुट्टी, श्रीकांतरावांना विचार, वाकळ म्हणजे काय?"

"वाकडं?"

"वाकडं न्हवे गं! ळ. वा-क-ळ. पुस्तकात आहे. म्हातारीनं नातवाच्या अंगावर वाकळ घातली असं लिवलंय."

मी काही बोलायच्या आत तुझा आवाज बदलला. "पुट्टी, आईला थंडी वाजत होती गं. ती पांघरूण मागत होती. आपण तिची खाट सरळ करत बसलो."

श्रीकांतला विचारण्याचीही गरज नव्हती, पण मी विचारलं. जुन्या साड्या, धोतरं एकावर एक घालून टाके घालतात ती, म्हणाला; गोधडीच. आपल्या घरात त्याला रग्गू म्हणतात आणि तो बाजारातून विकत आणतात. शिंप्याच्या घरात राहून आपण कधी वाकळ शिवली नव्हती.

त्या रविवारी आपण शिवायला बसलो. आईच्याच दोन जुन्या साड्या, मध्ये अप्पांची धोतरं, वरती तुझ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांची पट्टी. मशीन चालवायची सोय नव्हती म्हणून सगळा हाताचा धावदोरा. आई खाटेवरून बघत होती. बघता बघता उठून बसली, माझ्या हातातली सुई घेतली, आणि टाके घालायला लागली. तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण टाके एकाला एक. आणि मला म्हणाली, "लांब घालू नको. जवळ घाल टाका." कितीतरी महिन्यांनी तिनं मला काहीतरी शिकवलं होतं. तू तोंड फिरवलंस, मी खाली बघत शिवत राहिले.

वाकळ अंगावर घेतली तेव्हा तिचे गुडघे हळूहळू सरळ झाले. "हां," म्हणाली, "आता ऊब आली." त्यानंतर तिनं ते मागणं बंद केलं.

तुझं शब्द टिपणं तिथून सुरू झालं. लोकांना वाटायचं अक्काला वाचनाचा नाद लागला. तुझं गणित वेगळं होतं. "आई आणि काय काय मागंल, कुणाला ठाऊक," तू मला म्हणालीस. "तिनं मागायच्या आधी मला शब्द पायजेत." म्हणून तू वाचताना अडलेला प्रत्येक शब्द शिलाईच्या खडूनं कटिंगच्या टेबलावर लिहायला लागलीस. कापड पसरायच्या जागेच्या कडेला, मोठ्या अक्षरात. दिवसभर तो तिथं असायचा. जाता येता तू तो वाचायचीस, अर्थ आधी स्वतः ताडून बघायचीस, मग संध्याकाळी मला नाहीतर श्रीकांतला विचारायचीस, बोलण्यात वापरायचीस, आणि दुसऱ्या दिवशी कापडाच्या बोळ्यानं पुसून नवा लिहायचीस. गिऱ्हाइकांना वाटायचं ते कुणाचंतरी नाव आहे. एका बाईंनी 'परसदार' वाचून विचारलं होतं, यांचा ब्लाउज अजून झाला नाही का!

त्यातून किती गमती झाल्या. कन्नड गिऱ्हाइकांशी बोलतानाही तू मध्येच "बाही अंमळ सैल ठेवू का?" असं म्हणायचीस. त्यांना कळायचं नाही, पण तुझ्या हातातल्या टेपवरून त्या अंदाज करायच्या आणि हो म्हणायच्या. पुढं पुढं जयम्मासुद्धा भाजीवाल्याला 'अंमळ' म्हणायला लागली. आणि तो पाणउतारा! ऐन उन्हात श्रीकांत आला होता, घामाघूम. तू आतून मला ओरडून सांगितलंस, "पुट्टी, श्रीकांतराव उन्हातनं आलेत, आधी त्यांचा पाणउतारा कर!"

श्रीकांत चप्पल काढता काढता थांबला. "काय चुकलं माझं, अक्का?"

तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलीस. शब्दात पाणी आहे, उतरणं आहे, म्हणजे पाहुण्याला पाणी देणंच असणार, असं तू ताडलं होतंस. खरा अर्थ सांगितल्यावर तू आधी लाल झालीस आणि मग इतकं हसलीस की आईसुद्धा खाटेवर हसायला लागली, कशाला ते न कळता. त्या दिवसानंतर तू श्रीकांतला 'गोड' या शब्दाबद्दल माफ केलंस, असं मला वाटतं.

आपलं भांडण व्हायचं ते थांबण्यावरून. मीही तोवर मराठी वाचायला लागले होते, पण माझं वाचणं झपाट्याचं. शब्द अडला तर मी पुढं जायचे. गोष्ट कळते ना, मग झालं. "तू दर ओळीला थांबतेस, तुला गोष्ट कुठं कळते?" मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "आणि तू गाडीतनं बघितल्यासारखं बघतीस. एक माणूस तुला नीट दिसत नाही." मी म्हणायचे, पुन्हा पुन्हा भेटला की शब्द आपोआप कळतो. तू म्हणायचीस, "आणि पुन्हा नाहीच भेटला, आमेले, मग काय?" हे भांडण कधीच मिटलं नाही. मिटवायची आपल्याला घाईही नव्हती.

आई गेली ती एका दुपारी, वाकळ अंगावर असताना, शांत. तुझ्याकडे बघून शेवटचं जे बोलली ते तुझं नाव नव्हतं, तिच्या कुठल्यातरी मैत्रिणीचं होतं. तू ओ दिलीस. एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर दुसरीच्या नावाला ओ देणं तुला कसं जमलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं असंही नाही. मी ते बघितलं, तेवढं पुरे आहे.

मला वाटलं, आता तुझं टेबल रिकामं राहील. आईसाठी शब्द जमवत होतीस, आई गेली. पण खडू चालूच राहिला. मशीनही पुन्हा सुरू झालं. श्रीकांतनं पुस्तकं आणत राहावं, तू वाचत राहावंस. मधली काही वर्षं फार चांगली गेली, अक्का. तुझी मराठी माझ्यापेक्षा भरगच्च झाली. मी आज हे लिहितेय त्यातले कितीतरी शब्द मला तुझ्या त्या टेबलावरून मिळालेत. शाळेनं मला त्यांतला एकही दिला नव्हता.

मग तो काजाचा दिवस आला.

तू फोन केलास आणि म्हणालीस, "पुट्टी, येऊन जा." मी आले तर तू खुर्चीवर बसलेली, मांडीवर ब्लाउज, हातात सुई. "याला काय म्हणतात गं?" तू बटण अडकवायच्या त्या भोकावर बोट ठेवलंस. "सकाळपासनं आठवंना. कन्नडातबी आठवंना."

"काज," मी म्हटलं.

"काज," तू म्हणालीस. "जन्मभर काजं केली मी."

मी हसण्यावारी नेलं. सगळ्यांचं होतं, मी कचेरीत माणसांची नावं विसरते, असं काहीतरी बोलले. पण तू हसली नाहीस, आणि बसमधून परत जाताना मीही हसत नव्हते. आपल्या दोघींनाही आईच्या खारट आमटीची आठवण झाली होती.

त्यानंतर तुझं शब्द टिपणं बदललं. आधी नवा शब्द सापडला की तुझा चेहरा खुलायचा. आता तू कालचा शब्द पुसल्यावर डोळे मिटून तो आठवायचीस, परवाचा आठवायचीस, आणि नाही आठवला की दिवसभर तुझं चित्त थाऱ्यावर नसायचं. वाचताना गोष्टीकडे लक्ष नसायचं. शाळेतली पोरगी परीक्षेला बसते तशी तू पुस्तकाला बसायला लागलीस. मी म्हटलं, "अक्का, थोडे दिवस वाचू नकोस." तू म्हणालीस, "न वाचता गेले तर कळायचंबी नाही मला, काय काय गेलं ते."

त्याच हिवाळ्यात तू माझ्याकडे कुवेंपुनगरात राहायला आलीस. स्वयंपाकघरात आपण भिजवलेले अवरेकाळू, पावट्याचे दाणे, घेऊन बसलो होतो, एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढत. तू मान वर न करता म्हणालीस, "माझं आईसारखं झालं तर मला हितं आणू नको."

"सुम्ने, उगाच काहीतरी बोलू नकोस."

"सुम्ने न्हवे. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांची घरं हैत, तिथं ठेव. वचन दे."

"मी आहे ना, अक्का. आईचं आपण केलंच की."

तू दाणा खाली ठेवलास. "आईचं काय झालं ते तू रविवारी बघितलंस, पुट्टी. मी रोज बघितलंय. तुला रोज बघायला लागू नये म्हणून सांगत्ये."

तुझ्या आवाजात राग नव्हता. मी दाण्यांचं भांडं उचलून नळाखाली धरलं. पाण्याच्या आवाजात तो विषय बुडाला. तू दोन दिवस राहिलीस आणि परत गेलीस, आणि मी वचन दिलं नाही ते नाहीच.

पण त्यामुळे एक झालं. मी हट्ट धरून तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. तो दिवस आठवला की आजही हसू येतं. तरुण डॉक्टर होते, कन्नड बोलणारे, फार सभ्य. त्यांनी तुला तारीख विचारली, वजाबाकी करायला लावली, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाले, "अम्मा, जितके प्राणी आठवतील तितके सांगा." तू सरळ विचारलंस, "कुठल्या भाषेत?" ते म्हणाले, कुठल्याही.

तू कन्नडात सुरू केलंस, मग मराठीत गेलीस, आणि थांबेचनास. गवा, साळिंदर, मुंगूस, उदमांजर. डॉक्टर लिहिता लिहिता माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे, हो, आहे असा प्राणी. तू 'तरस' म्हणालीस तेव्हा ते अडले. "हे काय असतं?"

"कत्तेकिरुबा," तू त्यांना कन्नडात समजावलंस. "आपल्या झूमध्ये आहे की. म्हैसूरचे असून बघितलं नाहीत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सगळे अहवाल आल्यावर त्यांनी सांगितलं की घाबरण्यासारखं काही दिसत नाही. रक्तात एक जीवनसत्त्व कमी आहे, झोप कमी आहे, आणि काळजी जास्त आहे. इंजेक्शनं लिहून दिली. तू विचारलंस, "म्हणजे आईसारखं होणार नाही?" ते म्हणाले, "आज नाहीये, एवढं मी सांगू शकतो. पुढचं कुणालाच सांगता येत नाही, अम्मा."

बाहेर येऊन आपण बाकावर बसलो. मला वाटलं, त्या शेवटच्या वाक्यानं तू खचशील. पण तू पिशवीतून डबा काढलास, मला चित्रान्न दिलंस, आणि म्हणालीस, "आज नाहीये म्हणाला न्हवे? मग आज जेवू."

तिथून तू सावरलीस. इंजेक्शनांनी म्हण, झोपेनं म्हण, नाहीतर तरसामुळे म्हण. पुन्हा गोष्टीसाठी वाचायला लागलीस. शब्द लिहायचीस, पण पुसल्यावर स्वतःची परीक्षा घेणं थांबवलंस. एकदा मी बघितलं, टेबलावर काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणालीस, "आज एक अडला होता. पण गोष्ट फार रंगली होती गं, पुढं गेले." मी जिंकल्यासारखी हसले. तू लगेच म्हणालीस, "फुगू नको. उद्या मागं जाऊन बघनार हाय."

वचनाचं तू पुन्हा काढलं नाहीस. मीही काढलं नाही. पण खरं सांगते, मी त्यानंतर तुझ्याशी कधी निवांत बोललेच नाही. म्हणजे बोलायचे रोज. पण तू बोलत असताना मी तुझं वाक्य तपासत असायचे. कुठं अडतेस का, नाव चुकतेस का, तेच पुन्हा सांगतेस का. तू "ते हे गं" म्हणालीस की तुला हवा तो शब्द सापडेपर्यंत मी श्वास धरून ठेवायचे. तुला ते कळत असणार. कधी कधी तू मुद्दाम अवघड शब्द घालून बोलायचीस आणि फोनवर हसायचीस. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हाही लावला होता: बघ, आहेत अजून.

मी वचन का दिलं नाही, ते आता सांगते. तुला बाहेर ठेवणं मला जमलं नसतं, आणि जमणार नाही असं म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं मी तुझं ऐकत नाही. दोन्हीकडून खोटी पडले असते. मी रोज मनात ठरवायचे आणि रोज मोडायचे. मागच्या खोलीत तुझी खाट लागली असती, तू माझ्याकडे बघून 'ही कोण' म्हणाली असतीस, आणि मी कुणा परक्या नावाला ओ दिली असती. हे सगळं मी इतक्या वेळा बघून ठेवलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं. ते घडलं नाही, अक्का. आता कधीच घडणार नाही. तुला ते भोगावं लागलं नाही, आणि मला तुझं ऐकावं की मोडावं हे ठरवावं लागलं नाही. मी रडत नाही ते यामुळे.

त्या सकाळी जयम्माचा फोन आला तेव्हा मी कचेरीला निघण्याच्या तयारीत होते. "अक्का गेली," एवढंच तिला म्हणता आलं. मी आणि श्रीकांत ऑटोनं निघालो. घराशी पोचलो तर दारात माणसं जमलेली. तुला आत खाटेवर झोपवलं होतं. जयम्मा दुकानाच्या पायरीवर बसून होती, मांडीवर तिचा न शिवलेला ब्लाउजपीस. शेवटी तुझ्याजवळ तीच होती.

मी आत जायच्या आधी तिच्याजवळ गेले. काय झालं, कसं झालं, हे काहीच मी विचारलं नाही. मी विचारलं, "जयम्मा, तिनं तुला ओळखलं?"

जयम्मा माझ्याकडे वळली. मग कन्नडात म्हणाली, "ओळखलं? अगं, माझ्यावर रागावली ती! अस्तर न भिजवता आणलं म्हणून. माझं नाव घेऊन, माझ्या सुनेचं नाव घेऊन. मागच्या सणाला पण मी तेच केलं होतं, ते काढलं. धुतल्यावर अस्तर आखडेल, मग काखेत ओढ बसेल, मग तू पुन्हा माझ्याकडेच येशील उसवायला, सगळं सगळं बोलली. मध्ये मध्ये तुमच्या भाषेतलंही काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मग म्हणाली, छातीत जड वाटतंय, जरा बसते. बसली ती बसलीच. मी पाणी आणेपर्यंत..."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"एकदाही अडली नाही?" मी विचारलं.

"कोण, अक्का?" जयम्मानं डोळे पुसले. "मला मध्ये एक शब्द बोलू दिला नाही तिनं."

श्रीकांत आत गेला, माणसं बाजूला सरून माझी वाट बघत होती. मी जयम्माचा हात धरून तिला म्हटलं, पुन्हा सांग, पहिल्यापासून, काय काय बोलली ती. तिनं सांगितलं. तुझं ते शेवटचं रागावणं मी सबंध ऐकलं, अस्तरापासून सुनेपर्यंत, आणि तिथंच पायरीवर, सगळ्या गल्लीदेखत, मला हसू फुटलं.